रजिस्टरचं दुमडलेलं पान

या महिन्यात आलेल्या पत्रांत बी.ए.च्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची पत्रं जास्त आहेत. खानदेशातल्या कॉलेजांत मी एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, म्हणून संपादकांनी ती सगळी माझ्याकडे धाडली. चार पत्रं निवडली आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावं आणि गावं मुद्दाम गाळली आहेत.

मॅडम, मी चोपडा तालुक्यातली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, राज्यशास्त्र मुख्य विषय. पहिल्या वर्षी ७१ टक्के पडले, पण ते गाईडमुळे. आठ दिवस पाठ केलं, पेपर झाला आणि विसरले. परवा मोठ्या मायनं विचारलं, ‘तू काय शिकी ऱ्हायनी व?’ मला धड दोन वाक्यं सांगता आली नाहीत. घरी म्हणतात, आर्ट्सला गेली म्हणजे वाया गेली. या विषयात खरंच शिकण्यासारखं काय आहे, आणि ते शिकायचं कसं?

बेटा, तुझ्या गाईडचा दोष थोडा आणि आम्हा शिकवणाऱ्यांचा जास्त. मीही पहिली दहा वर्षं नोट्सच सांगत होते. पंचायत राज्याचा धडा आला की बलवंतराय मेहता समिती १९५७, मग वसंतराव नाईक समिती, मग १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मुलं मान खाली घालून उतरून घ्यायची. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, तेव्हा मी त्याच नोट्सना शेवटी एक पान जोडलं आणि पुढे चालू ठेवलं.

पुढे दोन-तीन वर्षांनी एका तासाला मी ग्रामपंचायतीच्या सभेची गणपूर्ती, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, समजावत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, ‘मॅडम, माझी माय मेंबर आहे. ती मीटिंगला कधीच जात नाही, पण तिची सही असते.’ वर्ग हसला. ती हसली नाही. मी तिला म्हटलं, नीट सांग. तिनं सांगितलं ते असं. शिपाई संध्याकाळी घरी येतो. माय ओट्यावर बसलेली असते, कापूस वेचून बोटांना ओरखडे पडलेले. शिपाई गुडघ्यावर रजिस्टर उघडतो, पण पानाचा वरचा भाग दुमडून आत घातलेला असतो. दिसतात त्या फक्त सह्यांच्या रेघा. माय सही करते, शिपाई चहा पितो आणि जातो. ती सही या मुलीनंच तिला शिकवली होती, उमेदवारीचा फॉर्म भरायच्या आदल्या रात्री, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला.

त्या दिवशी माझा धडा तिथेच थांबला. मी पोरीला एवढंच म्हटलं, पुढच्या खेपेला पान उलगडून बघ. महिनाभरानं ती स्टाफरूमच्या दाराशी आली. मायनं शिपायाला सांगितलं होतं, ‘पोरगी कॉलेजातून येऊ दे, ती वाचेल, मग सही.’ शिपाई तासभर थांबला. दुमडलेल्या भागात विहिरीवरच्या मोटारीच्या दुरुस्तीचं बिल मंजूर केल्याचा ठराव होता. ठरावाखाली ‘सूचक’ म्हणून नाव होतं तिच्याच मायचं. जी सभेला गेली नाही, जिला मोटार बिघडल्याचंही ठाऊक नव्हतं, तिनं तो ठराव मांडला होता.

त्या गावाचं नाव मी कधी घेतलं नाही, आजही घेणार नाही. पण त्यानंतर पंचायत राज्याचा धडा मी त्या पानापासून सुरू करायची, आणि मेहता समिती मागून यायची. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याबद्दल फार कडक शब्द वापरले होते. खेडं म्हणजे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयता, मसुद्यात खेडं सोडून व्यक्तीला एकक धरलं ते बरं झालं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुष्कळ सभासदांना ते टोचलं. २२ नोव्हेंबरला के. संथानम यांनी दुरुस्ती मांडली, बाबासाहेबांनी ती स्वीकारली, आणि आजचा अनुच्छेद ४० आला, म्हणजे ग्रामपंचायती स्थापन करण्याचं मार्गदर्शक तत्त्व. गाईडमध्ये या सगळ्याची एक ओळ असते. त्या मुलीच्या गावचं रजिस्टर समोर ठेवून वाचलं तर कळतं की ते भांडण संपलेलंच नाही. कायद्यानं मायला खुर्ची दिली, आणि गावानं तिचं पान दुमडून ठेवलं. संथानम आणि बाबासाहेब, दोघांचंही म्हणणं त्या एका पानावर खरं होतं.

आता तू काय करायचं ते सांगते. तू अठरा पूर्ण केलीस आणि मतदार यादीत तुझं नाव असेल, तर तू तुझ्या गावच्या ग्रामसभेची सभासद आहेस. तिथे तू पाहुणी म्हणून जात नाहीस. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास ग्रामसभा असतात. वही घेऊन जा आणि माणसं मोज. एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. हे वाक्य कायद्यात साधं दिसतं. पण दोन-तीन सभा पाहिल्यास की तुझ्या लक्षात येईल, मोठे ठराव कोणत्या सभेत होतात. तिथून पुढे तुझा खरा अभ्यास सुरू होईल.

बायका कुठे बसतात, कोण बोलतं, कोणाच्या बोलण्यावर मागून ‘बस खाली’ येतं, हे लिही. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती तुझ्या गावात खरोखर होते, की कागदावरच होते? इतिवृत्ताची, म्हणजे सभेत काय झालं त्या नोंदीची, नक्कल हवी असेल तर आधी तोंडी माग. नाहीच मिळाली तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, म्हणून नेमकं लिहायला शीक. दीडशे शब्दांत नेमका प्रश्न विचारता येणं हीसुद्धा या विषयातली मोठी विद्या आहे. मात्र एक जप. तुझे काका किंवा भाऊबंद पंचायतीत असतील तर घरात वादळ उठेल. पहिल्याच वर्षी अर्ज करू नकोस. आधी बस, ऐक आणि लिही.

वाचायचं काय? भारताचं संविधान मराठीत आहे, सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. भाग नऊ, अनुच्छेद २४३ पासून, तो तुझ्या गावाचा भाग आहे. कळला नाही तरी तीनदा वाच. संज्ञा अडल्या तर मराठी विश्वकोश उघड, तोही फुकट. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. आणि फैजपूर तुझ्या शेजारच्या यावल तालुक्यात आहे. डिसेंबर १९३६ ला तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथे शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला, शेतसारा आणि खंड (कुळानं मालकाला द्यायचं जमिनीचं भाडं) कमी करणं, कर्जातून सुटका, शेतमजुरांना पुरेशी मजुरी. तो शोधून काढ आणि तुझ्या वडिलांना वाचून दाखव. यातलं काय झालं नि काय राहिलं, हे ते तुला कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त सांगतील.

इंग्रजीची भीती तू लिहिली नाहीस, पण असेलच. बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण मराठीत आणि इंग्रजीत शेजारी शेजारी ठेव आणि रोज एक परिच्छेद वाच. राजकारणात एक माणूस एक मत, आणि सामाजिक-आर्थिक जीवनात मात्र विषमता, हा अंतर्विरोध त्यांनी त्या भाषणात मांडला. तीन महिन्यांत भाषणही होईल आणि पन्नासेक इंग्रजी संज्ञाही ओळखीच्या होतील.

मोठ्या मायला सध्या एवढंच सांग: गावात कोण ठरवतं, आणि कोणाच्या नावावर ठरवतं, ते शिकतेय.

सर/मॅडम, मी शिरपूर तालुक्यातला शेतकरी, सहा एकर कोरडवाहू. मुलाला बारावीला ६४ टक्के. तो म्हणतो बी.ए. राज्यशास्त्र करून यूपीएससी देतो. पाहुणे म्हणतात आयटीआय करा, हाताला काम राहील. तुम्हीच सांगा, या शिक्षणावर पोट भरतं का?

भाऊसाहेब, तुमचा प्रश्न रास्त आहे. प्रतिभाताई पाटील यांनी जळगावातूनच राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्रात एम.ए. केलं आणि त्या राष्ट्रपती झाल्या, हे उदाहरण सभांमध्ये सर्रास देतात. मी ते देणार नाही. त्यानं सहा एकरवाल्याचा प्रश्न सुटत नाही.

खरं सांगायचं तर बी.ए.ची पदवी हातात पडली म्हणून नोकरी मिळत नाही. तिच्यानंतर काहीतरी जोडावं लागतं. तीन वर्षांचा एलएल.बी. जोडला तर वकिली. बी.एड. जोडलं तर शाळा, पण तिथली भरती किती रेंगाळते ते तुम्ही पाहताच. एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलं तर सामाजिक संस्थांत आणि सरकारी योजनांत काम मिळतं, पगार सुरुवातीला कमीच. एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला सवलत आहे) आणि मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, तर प्राध्यापकी, पण तिथे बरीच पोरं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबतात. हेही त्याला आधीच सांगा. पत्रकारिता, सर्वेक्षणाची कामं, निवडणुकांचे अभ्यास अशा वाटाही आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स अशी सोय आहे. मधेच थांबावं लागलं तरी हाती काही कागद राहतो.

यूपीएससीबद्दल मी कठोर आहे. पुण्याच्या खोल्यांत तिशी ओलांडलेली आमची कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचे वडील दर महिन्याला पैसे धाडत होते आणि मुलगा फोनवर ‘यंदा होईल’ म्हणत होता. त्यातला एक माझा फार आवडता विद्यार्थी होता. आज तो गावी आहे आणि कोणाशी बोलत नाही. म्हणून पदवीनंतर दोन वर्षं, फार तर दोन प्रयत्न, असा करार आत्ताच करा. कागदावर लिहा, त्यानं सही करावी आणि तुम्हीही करावी. ‘तिसऱ्या वर्षी काय’ हेही त्याच कागदावर लिहा. ते लिहिता येत नसेल तर तयारी सुरूच करू नये.

मात्र त्या परीक्षेसाठी म्हणून विषय घेऊ नका आणि त्या परीक्षेसाठी म्हणून टाळूही नका. मुलाला पेपरातली बातमी वाचून ‘हे असं काबर झालं?’ असं वाटतं का, ते पाहा. वाटत असेल तर त्याला जाऊ द्या. वाटत नसेल आणि हातानं काही दुरुस्त करण्यात जीव रमत असेल, तर आयटीआयमध्ये कमीपणा काही नाही. आणि तो बी.ए.ला गेलाच, तर पहिल्या वर्षापासून एक्सेल आणि टक्केवारीची गणितं शिकू द्या. आमच्या विषयाच्या मुलांना मोजता येत नाही, ही खानदेशातलीच नव्हे, सगळीकडची अडचण आहे. ज्याला मोजता येतं त्याला काम मिळतं.

मॅडम, राज्यशास्त्राबरोबर दुय्यम विषय कोणता घ्यावा, समाजशास्त्र की अर्थशास्त्र? पाचोरा तालुक्यातली विद्यार्थिनी.

अर्थशास्त्र घे. समाजशास्त्रातलं बरंचसं तुला स्वतः वाचून झेपेल, अर्थशास्त्र एकटीनं झेपत नाही. कापसाचा हमीभाव कसा ठरतो आणि बाजारात तो का मिळत नाही, हे कळल्याशिवाय आपल्या भागातली एकही निवडणूक कळायची नाही. तुमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारं कोणी नियमित येत नसेल तर मात्र समाजशास्त्र घे. विषयापेक्षा शिकवणारं माणूस पाहावं.

मॅडम, मी धडगाव तालुक्यातला, तिसऱ्या वर्षाला. घरी आम्ही पावरी बोलतो. मला प्रकल्पाला विषय घ्यायचा आहे, सरदार सरोवरात गेलेली गावं. माझ्या आजोबांचं घर बुडालं, आम्ही आता तळोद्याकडच्या वसाहतीत आहोत. सर म्हणतात, तू त्यातलाच आहेस, तटस्थ राहू शकणार नाहीस, दुसरा विषय घे. मी काय करू?

दादा, विषय बदलू नकोस.

तुझे सर वाईट हेतूनं म्हणत नाहीत. आपलं दुःख लिहायला बसलं की फक्त दुःखच लिहिलं जातं, ही भीती खरी आहे. पण त्यावर इलाज विषय बदलणं हा नाही. ऊस बागायतदाराच्या मुलानं साखर कारखान्यावर प्रकल्प घेतला तर त्याला कोणी तटस्थतेबद्दल विचारत नाही. तूच का दुसरा विषय घ्यायचा?

पहिल्या पानावर लिहून टाक: मी बुडीत गावातल्या कुटुंबातला आहे, माझं नातं हे आहे. वाचणाऱ्याला ते कळलं की तो तुझं लिखाण त्या हिशेबानं वाचेल. पुढे तुझी जबाबदारी अशी, की तुझ्या मताच्या विरुद्ध जाणारी उत्तरंही वहीत यायला हवीत. वसाहतीत कोणी तुला सांगेल, ‘इकडे आलो ते बरं झालं, पोरांना शाळा, दवाखाना मिळाला.’ ते त्याच्याच शब्दांत लिही. ज्या गावांच्या शेजारी वसाहत बसली, त्या जुन्या गावकऱ्यांशीही बोल, त्यांचीही गाऱ्हाणी असतात. बायकांशी वेगळं बोल, जमलं तर तुझ्या बहिणीला किंवा आईला बरोबर घेऊन. जमिनीचा कागद बहुतेक पुरुषाच्या नावावर असतो, आणि नदीकाठ गेल्यावर पाणी, सरपण, मासळी यांचं काय झालं ते बायकाच सांगू शकतात. सगळ्या वह्या भरल्यावर बघ. तुला खटकलेलं एकही उत्तर त्यांत नसेल, तर सरांचं म्हणणं खरं ठरलं. पुन्हा जा.

कागद आणि माणसं समोरासमोर ठेव. नर्मदा पाणीवाटप लवादाचा निवाडा १९७९ चा. जमीन गेलेल्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन द्यायची, असं त्यात आहे. महाराष्ट्रातली ३३ गावं, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८ ऑक्टोबर २००० चा. धरणाची उंची १३८.६८ मीटर. हे आकडे पाठ असू देत, पण प्रकल्पात ते मांडताना प्रत्येकाच्या शेजारी एक घर असू दे. निवाड्यात दोन हेक्टर. आजोबांना किती, कुठे, कोणत्या वर्षी, कसल्या मातीची? विहिरीला पाणी लागलं का? धाकट्या काकांना वेगळं कुटुंब धरलं की नाही? दहा घरांची अशी माहिती जमवलीस तरी बी.ए.च्या प्रकल्पाला ती भरपूर आहे.

आणखी एक धागा तुझ्या तालुक्यात हाताशी आहे. तुमचा भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला, तिथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. त्यात पाड्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते, आणि जमीन संपादन करण्याआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करायचा असतो. सरदार सरोवराच्या पाण्यात मणिबेली गाव बुडायला लागलं तेव्हा हा कायदा नव्हता. तो असता तर काय झालं असतं, असा तर्क प्रकल्पात लिहू नकोस. त्यापेक्षा आज तुझ्या ओळखीच्या एका पाड्यावर जा. तिथे पेसाची ग्रामसभा भरते का, कोणत्या भाषेत भरते आणि इतिवृत्त कोणत्या भाषेत लिहिलं जातं, ते पाहा. बोलणं पावरीत आणि लिहिणं मराठीत असेल तर मधे काय गळतं? हे धडगावबाहेरच्या संशोधकाला कळायला दोन वर्षं लागतील. तुला एका बसण्यात कळेल. सरांना हेच सांग.

मुलाखती पावरीतच घे. आधी पावरीतच उतरव, देवनागरीत, जसं ऐकू येईल तसं. मराठी मागाहून. ज्या शब्दाला मराठी शब्द सापडत नाही तो तसाच ठेव आणि खाली समजाव. बोलायच्या आधी प्रत्येकाला सांग, हे कॉलेजसाठी आहे, यातून जमीन किंवा पैसे मिळणार नाहीत. त्या लोकांकडे आजवर पुष्कळ जण वही घेऊन आले आणि आश्वासन देऊन गेले. नावं बदल. ज्यांना नाव हवंच असेल त्यांना दोनदा विचार. आजोबांची मुलाखत सगळ्यांत शेवटी घे. आधी घेतलीस तर बाकीच्या घरांत तू त्यांचीच गोष्ट शोधत फिरशील. आणि ती तू एकट्यानं घेऊ नकोस, मित्राला बसव. प्रश्न त्यानं विचारावेत, तू फक्त लिही.

प्रकल्पाचा कच्चा मसुदा संपादकांच्या पत्त्यावर पाठव, मी वाचीन. वह्या मात्र पाठवू नकोस. झेरॉक्स पाठव, मूळ वह्या घरी, कोरड्या जागी ठेव.